पेड न्यूज

निवडणुकीच्या काळात उमेदवाराकडून किंवा पक्षाकडून पैसे अथवा पैशाच्या मोलाचे दुसरे काही घेऊन त्याच्या बाजूचा मजकूर बातमी म्हणून छापणे किंवा दाखवणे. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने केलेली व्याख्या याच आशयाची आहे. तीत बातमीबरोबर विश्लेषणही येते, आणि मोबदला रोख असला काय किंवा वस्तुरूपात असला काय, दोन्ही धरले जातात. मराठीत इंग्रजी शब्दच रुळला. वृत्तपत्रांच्या कचेरीत आणि उमेदवारांच्या प्रचार कार्यालयात मात्र या व्यवहाराला ‘पॅकेज’ म्हणतात.

जाहिरातीलाही पैसे पडतात आणि पेड न्यूजलाही पडतात. वाचकाला काय सांगितले जाते, यात दोन्हींचा फरक आहे. जाहिरातीच्या चौकटीच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’ हा शब्द असतो. तो पाहून वाचक मजकूर उमेदवाराचा आहे असे समजतो आणि तेवढाच विश्वास ठेवतो. पेड न्यूजमध्ये तो शब्द मुद्दाम गाळलेला असतो आणि त्याच्या जागी ‘विशेष प्रतिनिधी’ किंवा बातमीदाराचे नाव येते. अशा वेळी वृत्तपत्राने वर्षानुवर्षे मिळवलेली पत विकली जाते, आणि ती पत वाचकाच्या विश्वासावर उभी असते. फसवणूक आणखी दोन ठिकाणी होते. उमेदवार हा खर्च निवडणूक हिशेबात दाखवत नाही आणि रोखीने आलेली रक्कम वृत्तपत्राच्या वहीत दिसत नाही, म्हणून करही बुडतो.

उघड पक्षीय पत्रकारिता ही वेगळी गोष्ट आहे. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ १९५६ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी निघाला आणि १९५७ च्या निवडणुकीत त्याने संयुक्त महाराष्ट्र समितीची बाजू उघडपणे मांडली. ‘सामना’ १९८८ साली शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच सुरू झाला. ‘प्रहार’ राजकीय नेते नारायण राणे यांनी २००८ साली सुरू केला. अशा पत्रातले प्रचाराचे लेखन कितीही एकांगी असो, ते कोणाच्या तोंडून येते आहे हे वाचकाला घरातून बाहेर पडण्याआधीच ठाऊक असते. त्याच्याशी भांडता येते, ते बाजूला ठेवता येते. पेड न्यूजचा वाचक भांडणार तरी कोणाशी? समोर उमेदवार बोलतो आहे हेच त्याला माहीत नसते.

पैसे घेऊन एखाद-दुसरी बातमी लावण्याचा प्रकार जुना आहे. २००९ पर्यंत तो बहुतांशी एखाद्या बातमीदाराची वैयक्तिक लाचखोरी होता. त्या वर्षी व्यवस्थापनानेच दर ठरवून, जाहिरात विभागामार्फत बातम्या विकल्याचे आरोप देशभर झाले. एप्रिल-मे २००९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर ‘जनसत्ता’चे संस्थापक-संपादक प्रभाष जोशी यांनी याविरुद्ध लिहायला व बोलायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते थांबले नाहीत. आंध्र प्रदेशातील श्रमिक पत्रकारांच्या संघटनेने आपल्याच धंद्यातल्या या विक्रीची पाहणी केली. आपल्या पोटावर पाय येईल हे माहीत असूनही पत्रकारांनी हे काम केले, याची नोंद या विषयाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

महाराष्ट्रात विधानसभेसाठी १३ ऑक्टोबर २००९ रोजी मतदान झाले. त्या निवडणुकीवर ‘द हिंदू’चे ग्रामीण प्रश्नांचे संपादक पी. साईनाथ यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस लेख लिहिला. त्यात सर्वांत स्वस्त पॅकेज सुमारे चार लाख रुपयांचे असल्याचे म्हटले होते. उमेदवाराचा परिचय आणि त्याच्या पसंतीच्या काही बातम्या असा या दरातला माल होता. सभा, मुलाखत, प्रतिस्पर्ध्यावर टीका असे काही वाढवले की दरही वाढत असे. त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराला संपूर्ण प्रचारासाठी कायद्याने दहा लाख रुपये खर्च करण्याची मुभा होती. म्हणजे एका दैनिकाचे किमान पॅकेज घेतले तरी मर्यादेचा मोठा हिस्सा संपला. दोन-तीन दैनिके घेणाऱ्याला खरा हिशेब देणे शक्यच नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटी साईनाथ यांचा दुसरा लेख आला आणि तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे नाव पुढे आले. चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते. त्यांच्या कारकिर्दीचा गौरव करणारी, ‘अशोकपर्व’ अशा मथळ्यांची ४७ पूर्ण पाने ‘द हिंदू’ने गोळा केली होती, त्यांतली बरीच रंगीत. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत एकच लेख शब्दशः सारखा आला होता. एकाने त्यावर विशेष प्रतिनिधीचा उल्लेख केला, दुसऱ्याने काहीच लिहिले नाही. चव्हाण यांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. पैसे दिल्याचा आरोप त्यांनी नाकारला आणि वृत्तपत्रांनी पैसे घेतल्याचा.

या प्रकरणात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. चव्हाण भोकरमधून एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. ती पाने नसती तर निकाल बदलला असता असे कोणी म्हणणार नाही. मग नुकसान कोणाचे झाले? ज्या उमेदवाराकडे चार लाख नव्हते त्याचे, आणि त्याचे नावही कानावर न आलेल्या मतदाराचे. पॅकेजच्या व्यवहारात पैसे न देणाऱ्याबद्दल वाईट छापले जाईलच असे नसते; बहुधा त्याच्याबद्दल काहीच छापले जात नाही. त्याची पदयात्रा निघते, सभा होते, जाहीरनामा वाटला जातो, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्यातले काही घडलेलेच नसते. पेड न्यूजचा खरा परिणाम मोजायचा तर छापलेल्या पानांइतकेच न छापलेल्या बातम्यांकडे पाहावे लागते, आणि त्यांचे कात्रण कोणी काढून ठेवत नाही.

हा व्यवहार खालपर्यंत कसा पोचतो, हे तालुक्याच्या वार्ताहराकडे पाहिल्यावर कळते. मोठ्या दैनिकाचा तालुका वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला मिळणारे मानधन नगण्य असते. खरी मिळकत जाहिरातींवरच्या कमिशनची. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सत्काराच्या पुरवण्या, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाची पानभर जाहिरात, हे सगळे तोच आणतो. ज्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी द्यायची, दिवाळीची जाहिरातही त्याच्याकडूनच मागायची, अशी त्याची कोंडी असते. निवडणूक लागली की जिल्हा कार्यालयातून उद्दिष्ट येते आणि तेच पूर्ण करायला तो उमेदवाराच्या दारी जातो. २००८ च्या मंदीने मोठ्या जाहिरातदारांचा पैसा आटला होता, तेव्हा हा दाब वाढला. म्हणून या रोगाचा दोष तालुक्याच्या पातळीवर शोधणे अन्यायाचे आहे. दर ठरवणारे लोक वेगळ्या मजल्यावर बसतात.

प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. त्यांनी ठिकठिकाणी साक्षी घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात माध्यमसंस्थांची नावे आणि त्यांच्याविरुद्धची विधाने नमूद होती, संबंधितांचे खुलासेही होते. ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलने हा अहवाल पूर्ण रूपात प्रसिद्ध न करता त्याच्या आधारे एक छोटा अहवाल स्वीकारला आणि त्यातून नावे गेली. वृत्तपत्रांच्या मालकांचे प्रतिनिधी कौन्सिलवर असतात, हे येथे लक्षात घ्यावे. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये कौन्सिलच्या संकेतस्थळावर आला. पत्रकारितेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा पत्रकारितेबद्दलचा अहवाल वाचायला नागरिकांना माहिती अधिकाराचा आधार घ्यावा लागला, ही या विषयातली सर्वांत खेदाची बाब आहे.

पावती नसल्यामुळे पेड न्यूज ओळखायची ती मजकुरावरूनच. त्यासाठी काही खुणा ठरल्या आहेत. स्पर्धक दैनिकांत एकाच सुमारास त्याच छायाचित्रासह तोच लेख येणे ही पहिली. अमुक उमेदवाराला समाजाच्या प्रत्येक घटकाचा पाठिंबा असून त्याचा विजय निश्चित आहे, असे आकडा किंवा साक्षीदार न देता सांगणे ही दुसरी. एकाच्या सभेला भरमसाट जागा आणि विरोधकाच्या सभेला एक ओळही नाही, ही तिसरी. सर्वांत बोलकी खूण म्हणजे एकाच पानावर परस्परविरोधी उमेदवारांचे गुणगान येते आणि दोघेही निवडून येणार असल्याचे छापलेले असते. मराठी वाचकाने भाषेकडेही पाहावे. ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘विकासपुरुष’, ‘झंझावाती दौरा’ अशा शब्दांची गर्दी झाली आणि रस्ता, पाणी, वीज यांपैकी एकाही गोष्टीचा तपशील नसला, तर मजकूर बातमीदाराने लिहिलेला नसण्याची शक्यता मोठी.

निवडणूक आयोगाने जून २०१० पासून यावर यंत्रणा उभारली. प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. संशयास्पद मजकूर दिसल्यावर तिच्या कळवण्यावरून निवडणूक निर्णय अधिकारी प्रसिद्धीपासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस देतो. उमेदवाराने ४८ तासांत उत्तर दिले नाही तर समितीचा निर्णय कायम होतो. त्याविरुद्ध राज्य समितीकडे आणि पुढे आयोगाकडे जाता येते. निर्णय विरुद्ध गेल्यास तेवढ्या जागेची सरकारी जाहिरात दराने किंमत काढून ती उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. हाच आयोगाच्या अधिकाराचा कणा आणि हीच त्याची मर्यादा. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हा नाही. आयोग फक्त हिशेब तपासू शकतो. हिशेब योग्य रीतीने न देणाऱ्याला कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवता येते. वृत्तपत्राला आयोग काहीही करू शकत नाही. प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्यानुसार ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, त्यापुढे नाही. आणि दूरचित्रवाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत.

कलम १०-अ खाली पहिली मोठी कारवाई उत्तर प्रदेशात झाली. बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांतील मजकुराचा खर्च दडवल्याचे ठरवून आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांना अपात्र केले. चव्हाण प्रकरण जास्त रेंगाळले. आयोगाला असा तपास करण्याचा अधिकारच नाही, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी फेटाळला. दिलेला हिशेब खरा की खोटा हे आयोग पाहू शकतो, असा तो महत्त्वाचा निकाल आहे. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण हा खर्च चव्हाण यांनी केला किंवा त्याला संमती दिली असा पुरावा नव्हता. मध्य प्रदेशातील तत्कालीन मंत्री नरोत्तम मिश्रा यांना २००८ च्या निवडणुकीबद्दल आयोगाने जून २०१७ मध्ये अपात्र ठरवले, आणि मे २०१८ मध्ये तोही आदेश दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही.

चव्हाण आणि मिश्रा या दोन्ही प्रकरणांत अडचण एकच आली. कायदा उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेला अथवा मान्य केलेला खर्च धरतो. देणारा ‘दिले नाहीत’ म्हणतो, घेणारा ‘घेतले नाहीत’ म्हणतो, आणि तिसरा साक्षीदार नसतो. पानांवरून निघणारा तर्क कितीही बळकट असला तरी न्यायालयाला तो पुरत नाही, आणि कोणाचे पद काढून घेताना न्यायालयाने पुराव्याचा आग्रह धरणे योग्यच आहे. म्हणून दुरुस्ती कायद्यातच व्हायला हवी. संसदेच्या स्थायी समितीने मे २०१३ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात बातमीसाठी पैसे देणे आणि घेणे या दोन्हींना शिक्षापात्र करण्याची शिफारस केली. त्यात घेणाराही आला, हे विशेष. तशी दुरुस्ती झालेली नाही. दरम्यान विधानसभेची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, त्यामुळे पक्षाच्या नावाने पॅकेज घेण्याची वाट मोकळी राहते.

छापील पानाचा निदान दर तरी असतो आणि त्यावरून किंमत काढता येते. आता जिल्ह्याजिल्ह्यांत मोबाइलवर बातम्या देणारे यूट्यूब चॅनेल आणि पोर्टल उभे राहिले आहेत. आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रचाराचा खर्च हिशेबात आणला आणि २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांकडून स्वेच्छेची आचारसंहिता मान्य करून घेतली. उमेदवाराची मुलाखत घेणाऱ्या तालुक्याच्या चॅनेलला मात्र सरकारी दर लागू नाही आणि प्रेस कौन्सिलही त्याला विचारू शकत नाही. हातात माइक धरून प्रश्न विचारणारा तरुण बातमीदार म्हणून आला आहे की मुलाखतीचे पैसे ठरवून, हे पडद्यावरून ओळखण्याचे साधन जिल्हा समितीजवळ नाही आणि मतदाराजवळही नाही.