सेल उन्हात ठेवणाऱ्यांचा जिल्हा

रेडिओचे सेल संपत आले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, ही रीत आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडे घरोघरी होती. रेडिओचं लायसन्स पोस्टात भरावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. कितीतरी गावांत वीज पोचली नव्हती आणि चार मोठे सेल घेणं म्हणजे महिन्याच्या खर्चातला मोठा घास. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, म्हणून सेल दुपारपासूनच पत्र्यावर. संध्याकाळी ते घातले की आवाज खरोखर वाढायचा. गीतमाला संपेपर्यंत तग धरतील एवढं बळ त्यांच्यात आलेलं असे.

हा भ्रम नव्हता. जस्त-कार्बनच्या सेलमधून वीज ओढत राहिलं की आतल्या मसाल्यात रसायनांची वाटणी विस्कटते आणि व्होल्टेज पडतं. सेल स्वस्थ ठेवला की ती वाटणी पुन्हा थोडी सारखी होते, आणि मे महिन्याच्या उन्हाने तो तापला की त्याचा अंतर्गत रोधही उतरतो. आत शिल्लक असलेलीच वीज बाहेर यायला वाट मिळते. नवी वीज एक कणभरही तयार होत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्याची किल्ली या एका वाक्यात आहे.

खामगावात आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं. ट्रान्झिस्टर उघडला की आत काळी कांडी दिसायची, तिच्यावर सुती वेष्टणाची बारीक तार गुंडाळलेली. ही फेराइटची कांडी. लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी इतर धातूंच्या ऑक्साइडबरोबर दाबून हजार अंशांच्या वर भाजली की हा पदार्थ होतो. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी 1930 मध्ये तो शोधला आणि त्याच्यावर 1935 साली टीडीके ही कंपनी उभी राहिली. चुंबकाला तो लोखंडासारखा वश, पण वीज जवळजवळ वाहू देत नाही, म्हणून सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होणाऱ्या प्रवाहातही तापत नाही. ट्रान्झिस्टरला बाहेर एरियल न लावता मध्यम लहरी पकडता आल्या त्या या कांडीमुळे.

पण कांडी ठिसूळ. रेडिओ बैलगाडीतून पडला की तिचे दोन तुकडे. वडील अरल्डाइटने सांधायचे, पण सांधलेल्या कांडीवर स्टेशन आपल्या जागी राहत नाही, कारण सांध्यातल्या बारीक फटीने गुंडाळीचा गुण कमी होतो. मग गुंडाळी बोटाने केसभर सरकवायची, जळगाव केंद्र काट्यावर नेमकं आलं की मेणाचा थेंब टाकून तिथेच पक्की करायची. फेराइटशी आमच्या भागातल्या पोरांची ओळख झाली ती अशी, दुकानाच्या पायरीवर बसून हे बघताना.

मग आलं लोडशेडिंग. 2005 नंतरची ती वर्षं ज्यांनी खेड्यात काढली, त्यांना ती सांगायला नकोत. बारा-बारा तास वीज नाही, आणि आली तर रात्री दोनला, कपाशीला पाणी द्यायला उठवणारी. दहावीची पोरं कंदिलाशी बसायची. याच काळात पांढरा एलईडी पाच-दहा रुपयांत मिळू लागला आणि भंगारात जळक्या सीएफएलचे ढीग पडू लागले. सीएफएलच्या बुडात, पट्टीवर, करंगळीत बसेल एवढं फेराइटचं कडं असतं. पोरांनी ती कडी काढायला सुरुवात केली.

पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. एक सेल देतो दीड. ही अडचण सोडवणारी जोडणी झेड. कापारनिक नावाच्या लेखकाने इंग्लंडच्या 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात नोव्हेंबर 1999 मध्ये दिली होती. तिचं मूळ व्हॉल्व्हच्या जमान्यातलं. आमच्याकडची पोरं ती अशी करत: दोन इनॅमल तारा एकत्र धरून कड्याला पंधरा-वीस वेढे द्यायचे. एका तारेचं शेवटचं टोक दुसऱ्या तारेच्या पहिल्या टोकाला जोडून ते सेलच्या धन बाजूला लावायचं. उरलेल्या दोन टोकांपैकी एक 1 किलोओहमच्या रोधातून ट्रान्झिस्टरच्या बेसला, दुसरं कलेक्टरला. कलेक्टर आणि एमिटरमध्ये एलईडी, एमिटर सेलच्या ऋण बाजूला. बस. ट्रान्झिस्टर चालू होतो, कड्यात चुंबकत्व साठतं, कडं भरलं की बेसचा जोर तुटतो, ट्रान्झिस्टर बंद पडतो, आणि साठलेलं चुंबकत्व कोसळताना व्होल्टेजची उसळी एलईडीत जाते. सेकंदाला हजारो वेळा हेच. बॅटरीतून फेकून दिलेला सेलसुद्धा अर्ध्या-पाऊण व्होल्टपर्यंत पिळून निघतो. गोठ्यात, मळ्यातल्या खोपीत, परीक्षेच्या पुस्तकावर तो उजेड पडला. याचा मला आजही अभिमान आहे.

तिथून पुढची उडी ठरलेलीच होती. व्होल्टेजची उसळी मिळतेच आहे, तर ती डायोडमधून परत सेलमध्ये सोडली तर? अमेरिकेतल्या जॉन बेडिनी यांच्या मोटारी-चार्जरांची वर्णनं मोबाइलवर पोचली आणि 'फ्री एनर्जी' हा शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला एक पोरगा दुकानात आला तो डोळे चमकवत.

"काका, पाहा ना, काल रातच्याले 1.12 होतं, आज 1.19 झालं. सेल सोताच भरून राह्यला!"

आकडा खरा होता. मी त्याला म्हटलं, सर्किट काढ आणि नुसत्या सेलला बॅटरीचा बल्ब लाव. बल्ब लालसर झाला आणि मीटरचा काटा एका व्होल्टच्या खाली घसरत गेला. आजीने उन्हात ठेवलेल्या सेलचं जे व्हायचं, तेच इथे झालं होतं: सेल विसावला होता, भरला नव्हता. शिवाय सर्किट चालू असताना त्या उसळ्यांनी स्वस्तातला डिजिटल मीटर हमखास फसतो. कड्यात, ट्रान्झिस्टरमध्ये, डायोडमध्ये प्रत्येक फेऱ्याला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. जेवढी निघाली त्याहून कमीच परत येते, वेढे कितीही वाढवा.

तरीही या पोरांना हसणारी माणसं मला आवडत नाहीत. बुलढाणा शहर ज्या सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेवर वसलं आहे, तिच्याच पायथ्याशी पश्चिमेला, चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथल्या 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धांतशिरोमणी'त, यंत्राध्यायात, आपोआप फिरणारं चाक वर्णिलं आहे: हलक्या लाकडाचं, पोकळ आऱ्यांचं, आरे अर्धे पाऱ्याने भरून तोंडं बंद केलेलं. त्यांच्याआधी लल्लाने सांगितलेल्या यंत्राला पाण्याचा आधार लागतो, म्हणून ते त्याला ग्राम्य ठरवतात. कुणावरच अवलंबून नसलेलं यंत्र हवं, ही ओढ इतक्या थोर गणितज्ञालाही सुटली नव्हती. पाऱ्याचं चाक फिरत राहत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्ये अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणंच बंद केलं. आणि 1840 च्या दशकात ज्यूल, हेल्महोल्ट्झ यांच्या कामाने ऊर्जेचा हिशेब पक्का झाला. पण लोडशेडिंगच्या अंधारात बसलेल्या पोराला परावलंबी नसलेला दिवा हवासा वाटला, तर त्यात नवल कसलं? महिना संपता संपता सेल उन्हात मांडणाऱ्या बायांनाही तेच हवं होतं.

त्या पोरांपैकी कुणी आज मोटार रिवाइंडिंग करतं, कुणी सोलर पंप बसवतं. हात तयार झाले ते फेराइटच्या कड्यावर, हे नाकारता येणार नाही. खंत एवढीच की कुणी नोंदी ठेवल्या नाहीत. कोणत्या कड्याला किती वेढे, कोणता सेल किती तास चालला, सगळं तोंडी राहिलं आणि विरून गेलं.

म्हणून आता जो कुणी असं सर्किट घेऊन बसला असेल, त्याला माझं सांगणं आहे. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले दोन सारखे सेल घे. दोन्हींवर तोच एलईडी, तेवढ्याच उजेडाने चालव. एकाला परतीचा डायोड लाव, दुसऱ्याला लावू नकोस. दर तासाला सर्किट सोडवून, बल्बचा भार लावून व्होल्टेज मोज आणि वहीत लिही. आणि ती वही जपून ठेव.