घोड्याच्या पाठीवरचा उपचार

घोडा आजार बरा करत नाही, पण आजाराने हिरावलेला शरीरावरचा ताबा परत मिळवायला तो मदत करतो. या उपचाराचा इतिहास हेच सांगतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढता-उतरताना आधार लागत असूनही 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये जुबिली या घोडीवर त्यांनी ड्रेसाज या घोडेस्वारी प्रकाराचे रौप्यपदक पटकावले. त्या उदाहरणाने अपंगांच्या घोडेस्वारीला बळ मिळाले आणि 1969 मध्ये ब्रिटन व अमेरिकेत त्यासाठी राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या.

कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांपर्यंत हा धागा पोचतो तो शरीरावरचा ताबा परत मिळवण्याच्या याच कारणाने. रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन या औषधाने पायांच्या नसा दुखावू शकतात, मग चालताना पाऊल नीट उचलत नाही. शिवाय महिनोन्‌महिने मुलाच्या शरीराचे निर्णय इतरच घेतात. चालत्या घोड्यावर मात्र कंबर माणसाच्या चालीसारखी हलते, तोल स्वतःच सावरावा लागतो आणि लगाम मुलाच्या हाती असतो. आक्षेप रास्त आहेत. पांढऱ्या पेशी घटल्या असताना तबेल्यातला संसर्ग किंवा प्लेटलेट कमी असताना पडणे जिवावर बेतू शकते. पुरावाही अजून तोकडा आहे. म्हणूनच रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवलेली वेळ, हेल्मेट आणि दोन्ही बाजूंना मदतनीस हवेतच. घोडा केमोथेरपीची जागा घेईल असा दावा करणाऱ्याला दारातच अडवावे. पण सतत सोसणाऱ्या मुलाला स्वतः काही करू देणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे, ती चैन नव्हे.