हक्काला लवाद, कर्तव्याला चर्चा

२५ नोव्हेंबर १९५९ रोजी बॉन शहरात पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तानने एका करारावर सह्या केल्या. दोन देशांमधला पहिला आधुनिक गुंतवणूक संरक्षण करार म्हणून तो ओळखला जातो. दोन महायुद्धांत जर्मनीची परदेशातली मालमत्ता बुडाली होती आणि नव्या पाकिस्तानला भांडवल हवे होते. सरकारने परक्याची मालमत्ता ताब्यात घेतली तर भरपाई द्यायची, हा त्याचा गाभा. नदी, जंगल, मजूर यांचा विचार त्या काळी अशा करारांत होत नसे.

त्या करारात कंपनीला सरकारवर थेट दावा लावता येत नव्हता. १९६६ मध्ये जागतिक बँकेच्या छत्राखाली वॉशिंग्टनला लवाद केंद्र सुरू झाले आणि पुढच्या करारांनी कंपन्यांना तो दरवाजा उघडून दिला.

त्याची किंमत पाकिस्तानलाही मोजावी लागली. बलुचिस्तानातल्या रेको डिक इथे तांबे आणि सोने आहे. टेथ्यान कॉपर या कंपनीने तिथे शोधकामावर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च केले. २०११ मध्ये प्रांतिक सरकारने खाणपट्टा नाकारला. कंपनीने ऑस्ट्रेलियासोबतच्या १९९८ च्या कराराचा आधार घेतला. जुलै २०१९ मध्ये लवादाने भविष्यातल्या नफ्याचा हिशेब धरून, व्याजासह सुमारे ५.८ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. त्याच महिन्यात नाणेनिधीने पाकिस्तानला ६ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले होते! पुढे २०२२ मध्ये तडजोड झाली आणि खाण पुन्हा मार्गी लागली.

सरकारचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण खाणीशेजारी राहणाऱ्या बलुच माणसाला अशा लवादात पक्षकार म्हणून उभे राहता येत नाही, यावर वाद नाही.

आता करारांत शाश्वत विकासाचे प्रकरण असते. भारताने १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइनबरोबर केलेल्या व्यापार करारातही ते आहे. पर्यावरण आणि कामगारांचे हक्क, दोन्ही त्यात आहेत. मात्र त्या प्रकरणाचा भंग झाला तर लवादाकडे जाता येत नाही, फक्त चर्चा करायची.

जमीन आणि पाणी ही आपल्याकडे अमानत आहे, मालकी नव्हे, असे आपण मानतो. अमानत सांभाळायची तर नुसता शब्द पुरत नाही, हिशेब मागणारा कोणीतरी लागतो. नव्या करारांत शब्द आला आहे. हिशेब मागणारा अजून यायचा आहे.