सरहद्दीवरचे जाफराबाद आणि निजामाची वृत्तपत्रबंदी

१/ आज जालना जिल्ह्यात असलेले जाफराबाद १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पूर्वेला लागूनच वऱ्हाड. तिकडचे चिखली, देऊळगाव राजा ब्रिटिश अमलाखाली. भाषा एक, सोयरीक एक. वृत्तपत्रांचा कायदा मात्र वेगळा.

२/ ब्रिटिश मुलूख काही मुक्त नव्हता. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तरी आरोप ठेवावा लागला, खटला उघड चालला आणि टिळकांचा बचाव लोकांनी वाचला.

३/ हैदराबादेत पत्र काढायला सरकारची परवानगी लागे. बाहेरच्या पत्रांना प्रवेशबंदी होई. ‘गश्ती ५३’ या कुप्रसिद्ध हुकुमाने सभांनाही परवानगीची अट घातली होती. समर्थन एकच: राज्याची शांतता.

४/ यावर आ. कृ. वाघमारे यांनी तोड काढली. त्यांचे ‘मराठवाडा’ पत्र संस्थानाबाहेर छापले जाई. बंदी आली की तेच पत्र नव्या नावाने निघे. बंदी नावावर होती. वाचकाच्या भुकेवर नव्हती.

५/ उर्दू पत्रांचीही गत निराळी नव्हती. मंदुमुला नरसिंगराव यांचे ‘रय्यत’ सरकारने बंद पाडले. तेथे काम करणाऱ्या तरुण शोएबुल्ला खान यांनी मग ‘इमरोज’ काढले. रझाकारांच्या अत्याचारांवर टीका आणि भारतात विलीनीकरणाचा पुरस्कार, ही त्यांची भूमिका होती.

६/ २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. लिहिणारा हातही तोडण्यात आला. ते अवघे २७-२८ वर्षांचे होते. शांततेच्या नावाखाली शहाणपणाचे आवाज बंद केले, की रस्त्यावर कोणाचा आवाज उरतो, याचे हे उत्तर.

७/ चार आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. नियंत्रणाने ना शांतता राखली, ना राज्य.

८/ पुढे राज्यघटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले. तरीही १९७५ च्या आणीबाणीत स्वतंत्र भारताच्या सरकारनेच पूर्वनियंत्रण लादले. म्हणजे प्रश्न केवळ निजामाचा नव्हता.

९/ बदनामी वा चिथावणी यांना कायदा हवाच. पण छापून आल्यानंतर, उघड न्यायालयात. छापण्यापूर्वी सत्तेची परवानगी लागते, तेव्हा सत्ताधाऱ्यालाही खरी बातमी सरहद्दीपलीकडूनच कळते.