लोहमार्ग, नाले आणि कचरागाडी : इंदूरच्या निर्णयांची दीडशे वर्षे

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत रस्ते, नाले आणि कचरा हा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु इंदूरचा इतिहास काही राजवाड्याच्या सात मजल्यांतच मावत नाही. तो रस्त्यांच्या रुंदीत आणि नाल्यांच्या उतारातही आहे. मी शासकीय नोकरीत आहे आणि शिक्षणाने डिप्लोमाधारक आहे. या कामात एक गोष्ट रोज दिसते : सही एका दिवसात होते, तिची फळे मात्र तीन-चार पिढ्या भोगतात. अशाच काही सह्यांची ही गोष्ट.

१८१८ च्या मंदसौर तहानंतर इंदूर ही होळकर राज्याची राजधानी झाली. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईला जाई, पण तो बैलगाड्यांवर लादून, विंध्याचा घाट उतरून. पावसाळ्यात वाट बंद. पुढे मुंबईहून निघालेला लोहमार्ग खंडव्यापर्यंत आला, तेव्हा दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी ओळखले की हा रूळ इंदूरला आला नाही तर व्यापार दुसरीकडे जाईल. त्यांनी ब्रिटिश सरकारला खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये कर्ज दिले, मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के. एका संस्थानिकाने इंग्रज सरकारला कर्ज देऊन रेल्वे आणवली, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी. नर्मदेवर पूल झाला, पाताळपाणी आणि कालाकुंडचा अवघड घाट फोडला गेला आणि १८७० च्या दशकातच गाडी इंदूरला पोहोचली.

मात्र पैसा होळकरांचा असला तरी रुळांची रुंदी ठरली ब्रिटिश सरकारच्या काटकसरीच्या धोरणाने. खंडव्याचा मुख्य मार्ग ब्रॉडगेज, आपला मीटरगेज. त्यामुळे खंडव्याला प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. त्या वेळी वाचवलेला खर्च नंतरच्या पिढ्यांनी हमालीत भरला, आणि तो मार्ग रुंद करण्याचे काम आपल्या डोळ्यांदेखत चालू राहिले. तुकोजीरावांची दूरदृष्टी आणि गेजची काटकसर, दोन्ही एकाच मार्गावर आहेत.

दुसरी गोष्ट तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळातली. कापड गिरण्या आल्या, वस्ती वाढली, आणि प्लेग व हिवताप ठाण मांडून बसले. दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. मूळचा तो जीवशास्त्राचा अभ्यासक. १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल दरबारापुढे आला. त्याचे म्हणणे सोपे होते. सारे गाव पाडून नवे बांधू नका. जिथे दुखते तिथेच, थोडे कापा. गल्लीत एखादे पडके घर काढून मोकळी जागा करा, झाडे लावा, विहिरी आणि तलाव बुजवू नका, खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ ठेवा. जमिनीखालच्या खर्चिक गटारयोजनेबद्दल त्याला शंका होती. मैला पाण्याबरोबर नदीत न सोडता बागा-शेतीला खत म्हणून वापरावा, असा त्याचा आग्रह होता.

पण गेडिस लोकांच्या आठवणीत राहावा तो त्याच्या दिवाळीमुळे. लोक आपल्याकडे संशयाने पाहतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने एका दिवसापुरता शहराचा कारभार मागून घेतला आणि दवंडी दिली : दिवाळीची मिरवणूक ज्या वस्तीत जास्तीत जास्त घरे झाडून-सारवून स्वच्छ असतील, त्या वस्तीतून जाईल. मग काय, गल्ल्यागल्ल्यांतून कचऱ्याच्या गाड्या भरून बाहेर पडू लागल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता आणि नव्या इंदूरचा नमुनाही होता. आणि त्यात सफाई कामगार चालत होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुलांनी सजवलेले नवे झाडू घेऊन, रंगवलेल्या गाड्या आणि शिंगे रंगवलेल्या बैलांसह. ज्यांची सावली टाळली जाई, त्यांना शहराने त्या दिवशी मिरवले. शंभर वर्षांपूर्वीच्या इंदुरात ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे नद्यांचे काय झाले, हे आपण पाहिलेच आहे. गेडिसने काठ जपायला सांगितले आणि आपण त्यांचे नाले केले. पाण्यासाठी १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर झाला, आणि तोही अपुरा पडल्यावर लोकांच्या आंदोलनातून १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून डोंगर चढून इंदुरात आले. जवळची नदी घाण करायची आणि लांबची नदी विजेच्या जोरावर वर ओढायची, असा हा हिशेब झाला.

अलीकडच्या दोन निर्णयांची तुलना करण्यासारखी आहे. पहिला, २०१३ ची बी.आर.टी.एस. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, सुमारे साडेअकरा किलोमीटर. मधली मार्गिका आय-बसला, कडेची इतरांना. बसमधल्या विद्यार्थ्याला आणि नोकरदाराला त्याचा उपयोग झाला. पण बाहेर चौकाचौकांत कोंडी वाढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती काढण्याची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मान्यता दिली. बारा वर्षांत बांधणे आणि मोडणे, दोन्ही झाले. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो तरी रोजच्या माणसाच्या वाटेवर येतो का, हे पुढे कळेल.

दुसरा निर्णय कचऱ्याचा. नगर निगमने आधी दोन वॉर्डांत घरोघरी गाडी पाठवून पाहिली, चुका सुधारल्या, मग सारे शहर घेतले. रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या. ओला-सुका वेगळा केल्याशिवाय गाडीवाला घेईना. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण २५ वे होतो, २०१७ मध्ये पहिले. देवगुराडियाचा सुमारे १३ लाख टनांचा जुना ढीग उपसून जागा मोकळी झाली. तिथेच फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सी.एन.जी. बनवणारा प्रकल्प सुरू झाला आणि त्या वायूवर सिटी बस धावू लागल्या. घाण वाहून टाकू नका, कामाला लावा, हे गेडिसचे म्हणणे शंभर वर्षांनी खरे झाले.

एक निर्णय टिकला, एक मोडला. माझ्या मते कारण काँक्रीटमध्ये नाही. कचऱ्याच्या निर्णयात प्रत्येक घराला रोज सकाळी काहीतरी करावे लागते. तो लहान सुरुवातीतून वाढला आणि तो रोज पार पाडणारी हजारो माणसे आहेत. रस्त्याचा आराखडा मात्र लोकांना आयता मिळाला, त्यांनी तो आपला मानलाच नाही.

म्हणून या स्मरणिकेत हे लिहिले. बंद गिरण्यांचे कामगार आजही अनंत चतुर्दशीला झांक्या काढतात, आपली मंडळे दहा दिवस मांडव घालतात. आपणही एक लहान निर्णय घेऊ शकतो. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट नदीकडे जाणार नाही, मांडवासाठी रस्त्यात खणलेला प्रत्येक खड्डा आपणच बुजवू, आणि एका संध्याकाळच्या आरतीचा मान आपल्या वॉर्डातल्या सफाई कामगार ताई-दादांना देऊ. शहराला करंडक मिळतो तेव्हा फोटोत ते क्वचितच असतात. एका परक्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी त्यांना इंदूरच्या मिरवणुकीत मानाने चालवले होते. बाप्पांच्या दारात तेवढे आपल्यालाही जमायला हरकत नाही.

गणपती बाप्पा मोरया!