बँड हिट व्हायच्या तोंडावर त्याने बँड सोडला : पीटर फ्रॅम्प्टनची गोष्ट

१९७१ साल. ब्रिटिश रॉक बँड 'हंबल पाय' अमेरिकेत जम बसवत होता आणि नेमका तेव्हाच त्यांचा २१ वर्षांचा गिटारिस्ट पीटर फ्रॅम्प्टन बाहेर पडला. त्यानंतर बँडचा न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधला लाइव्ह अल्बम गाजला. त्यात गिटार फ्रॅम्प्टनचीही होती, पण तो बँडमध्ये नव्हता.

बरं, हा बँड १९६९ मध्ये स्टीव्ह मॅरियटसोबत त्यानेच उभा केलेला. पण बँड हार्ड रॉककडे झुकला आणि याचा ओढा मेलडीकडे.

पुढच्या चार वर्षांत त्याचे चार सोलो अल्बम आले. विक्री बेताचीच. गडी खरा रंगायचा तो स्टेजवर. म्हणून मग कॉन्सर्टच रेकॉर्ड केल्या आणि जानेवारी १९७६ मध्ये आला 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!'. अमेरिकेत तो १० आठवडे नंबर वन राहिला. यातली 'बोलणारी' गिटार म्हणजे टॉक बॉक्सची करामत. गिटारचा आवाज नळीतून तोंडात येतो, वादक ओठ हलवून त्याला शब्दांचा आकार देतो आणि माइक तो पकडतो.

पण प्रसिद्धीने घोळ केला. देखणा चेहरा पोस्टरवर झळकला आणि गिटारिस्ट मागे पडला. १९८७ मध्ये शाळेपासूनचा मित्र डेव्हिड बोवीने त्याला आपल्या 'ग्लास स्पायडर' टूरवर नेलं, तेही गिटार वाजवायला. २००७ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला तो 'फिंगरप्रिंट्स'साठी. हा अल्बम निव्वळ वाद्यसंगीताचा आहे.