दोन आजारी, अठ्ठेचाळीस तास

कोणते रोग आढळले की आरोग्य खात्याला कळवलेच पाहिजेत, याची यादी कॅनडातील ओंटारिओ प्रांताने कायद्याने ठरवून दिली आहे. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या या यादीत रेबीज आणि रुबेला यांच्यामध्ये एक वेगळीच नोंद येते : संस्थांमधील श्वसनसंसर्गाची साथ. आजूबाजूच्या नोंदी रोगांच्या आहेत, ही मात्र एका घटनेची आहे. जंतू कोणता, हे ती विचारत नाही. संस्था म्हणजे मुख्यतः केअर होम, जिथे वृद्ध माणसे कायमची राहतात आणि पगारी सेवक त्यांची देखभाल करतात. तिथे अनेक वर्षे चालत आलेला नियम असा, की एका मजल्यावर किंवा विभागात ४८ तासांत दोघांना खोकला, सर्दी, घसादुखी असा तीव्र त्रास सुरू झाला की साथीचा संशय धरून वर्दी द्यायची. दोघांपैकी एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली की साथ पक्की. तपासणीआधीच तिसरा आजारी पडला, तरीही पक्की. नाव कळण्याआधी वर्दी द्यायची ही रीत आज सरळ वाटते, पण रोगाच्या वर्दीचा कायदा जन्मला तेव्हा क्रम नेमका उलटा होता.

तो कायदा इंग्लंडचा, १८८९ सालचा. लंडनला तो सक्तीचा होता, इतर गावांनी वाटल्यास स्वीकारावा असा होता, आणि १८९९ मध्ये तो देशभर लागू झाला. देवी, कॉलरा, घटसर्प, टायफस, विषमज्वर, लाल ताप अशा ठरावीक रोगांचा रुग्ण आढळला की डॉक्टरने गावाच्या आरोग्याधिकाऱ्याकडे दाखला धाडायचा. खासगी रुग्णामागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत आणि सार्वजनिक संस्थेतल्या रुग्णामागे एक. डॉक्टरखेरीज घरच्यांवरही कायद्याने जबाबदारी टाकली होती, तीही उतरंड लावून : आधी कुटुंबप्रमुख, तो नसेल तर जवळचे नातलग, तेही नसतील तर रुग्णाची देखभाल करणारा, आणि कोणीच नसेल तर त्या इमारतीचा ताबेदार. आजच्या केअर होमचा व्यवस्थापक या उतरंडीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांचा वारस आहे.

या यादीत इन्फ्लूएंझा नव्हता. गंमत अशी, की ज्या वर्षी कायदा झाला त्याच हिवाळ्यात ‘रशियन फ्लू’ची मोठी साथ लंडनला येऊन थडकली आणि नव्या कायद्याला तिचे काहीच करता आले नाही. पडसे कुठे संपते आणि फ्लू कुठे सुरू होतो हे रुग्णाकडे पाहून सांगणे अवघड, आणि रुग्ण इतके की प्रत्येकामागे अडीच शिलिंग मोजणे परवडणारे नाही. १९१८च्या महासाथीनंतरही १९१९च्या नियमांत आला तो न्यूमोनिया, आणि फ्लूतून उद्भवलेला न्यूमोनिया. नुसता फ्लू बाहेरच राहिला. श्वसनाच्या साथींना कायद्यात जागा मिळायला उशीर झाला तो असा, नाव ठरवण्याच्या अडचणीमुळे.

नाव प्रयोगशाळेने ठरवावे, ही कल्पना न्यूयॉर्कमध्ये रुजली. कॉलऱ्याच्या धास्तीने १८९२ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने जंतुप्रयोगशाळा उघडली. कॉलरा फारसा आला नाही, पण प्रयोगशाळा तयार होती. हर्मन बिग्ज आणि विल्यम पार्क यांनी १८९३ मध्ये ती घटसर्पाकडे वळवली. त्यांनी शहरभरच्या औषधांच्या दुकानांत छोट्या पेट्या ठेवल्या. प्रत्येक पेटीत दोन नळ्या : एकीत तारेच्या टोकाला कापूस गुंडाळलेला निर्जंतुक बोळा, दुसरीत जंतू वाढवण्यासाठी गोठवलेले रक्तद्रव. डॉक्टरने दुकानातून पेटी न्यायची, रुग्णाच्या घशावरून बोळा फिरवून तो रक्तद्रवावर घासायचा आणि पेटी दुकानात परत ठेवायची. खात्याची माणसे संध्याकाळी पेट्या गोळा करत, नळ्या रातभर उबेत राहत आणि दुसऱ्या दिवशी निकाल डॉक्टरच्या हाती पडे. हे सगळे फुकट होते. नमुना, वाहतूक, प्रयोगशाळा आणि खात्याचे दप्तर ही साखळी इथे पहिल्यांदा शहराच्या पातळीवर जुळली, आणि आजच्या स्वॅबचा प्रवासही मुळात तोच आहे. बिग्ज यांनी लगेच क्षयाची वर्दीही मागितली. खासगी डॉक्टरांचा विरोध जोरदार होता, म्हणून १८९४ मध्ये सक्ती केली ती फक्त संस्थांवर. सगळ्या डॉक्टरांवर ती १८९७ मध्ये आली. संस्थांना आधी धरण्याची सवय तेव्हापासूनची.

वर्दी कशाने अडते, याचा धडा त्याच सुमारास मुंबईने दिला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पण वर्दीमागोमाग सोजिरांची झडती, सामानाची जाळपोळ आणि रुग्णाची पाठवणी हे ठरलेले असल्यामुळे मुंबई-पुण्यातली माणसे रुग्ण दडवू लागली. केअर होमची भीती इतकी जीवघेणी नसते, पण जातीची तीच : वर्दी दिली की नवे प्रवेश थांबतात, भेटी बंद होतात आणि गावात नाव होते ते वेगळेच. म्हणून पुढच्या काळातल्या नियमांनी वर्दी देणाऱ्याला काहीतरी परत द्यायची सोय केली.

मध्यंतरीची काही दशके मात्र देण्यासारखे काही नव्हते. १९३३ मध्ये लंडनच्या विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णाच्या चूळ भरलेल्या पाण्यातून विषाणू फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात उतरवला. पुढे तो कोंबडीच्या अंड्यात वाढवता येऊ लागला. पण अंड्यातला निकाल यायला कित्येक दिवस जात आणि तोवर वृद्धनिवासातली साथ आपसूक संपलेली असे, बरेचदा काही खाटा रिकाम्या करून. तपासणी इतिहासापुरती उरत होती. औषध आले तेव्हा हे बदलले. अमांटाडीन १९६६ पासून अमेरिकेत वापरात आले, पण ते फक्त ‘अ’ प्रकारच्या फ्लूवर चाले आणि म्हाताऱ्या माणसांना त्याने भ्रम होई. १९९९ मध्ये ओसेल्टामिविर आले. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांत दिले तरच त्याचा खरा उपयोग, आणि साथ फ्लूची आहे हे नक्की झाले तर न आजारलेल्या रहिवाशांनाही ते आधीच देता येते. झटपट वर्दी दिल्याचा मोबदला आता मिळू लागला.

दुसरी अडचण खुद्द म्हातारपणाची होती. थकलेल्या शरीराला ताप चढत नाही. पुष्कळदा आजाराची पहिली खूण म्हणजे जेवण टाकणे, असंबद्ध बोलणे किंवा नुसते पडणे. इस्पितळांसाठी केलेल्या व्याख्या इथे तोकड्या पडत, शिवाय केअर होममध्ये क्ष-किरण यंत्र नाही आणि डॉक्टर रोज येत नाही. टोरंटोच्या अ‍ॅलिसन मॅकगिअर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दीर्घकालीन देखभालीच्या संस्थांसाठी संसर्गाच्या स्वतंत्र व्याख्या प्रसिद्ध केल्या. परिचारिकेला खाटेजवळ दिसेल त्यावर त्या आधारलेल्या होत्या. २०१२ मध्ये त्या सुधारल्या गेल्या तेव्हा तापाची रेघ खाली आली : तोंडातले तापमान एकदा १०० अंश फॅरनहाइटच्या वर, किंवा वारंवार ९९च्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांनी जास्त. यातला तिसरा निकष सगळ्यात शहाणा, कारण तो वापरायचा तर प्रत्येकाचे निरोगीपणीचे तापमान आधी लिहून ठेवावे लागते.

ओंटारिओतली पद्धत याच वातावरणात पक्की झाली. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाने टोरंटोत ४० हून अधिक बळी घेतले आणि खात्याचा हात सैल राहण्याचे दिवस संपले. संशय कळवताच स्थानिक आरोग्य खाते त्या साथीला एक क्रमांक देते. नमुन्यासोबतच्या कागदावर तो लिहिला की प्रयोगशाळेला नमुने कोणत्या साथीचे हे कळते. सगळ्यांचे नमुने घेत नाहीत. सुरुवातीचे मोजके पुरतात, कारण प्रश्न ‘या माणसाला काय झाले’ असा नसून ‘या मजल्यावर काय फिरते आहे’ असा असतो. केअर होम रोज आजाऱ्यांचा तक्ता भरते : नाव, खोली, लक्षणे कधी सुरू झाली, लस घेतली का, नमुना कधी गेला.

नाव न विचारणाऱ्या नियमाची कसोटी २००५च्या शरद ऋतूत लागली. टोरंटोच्या सेव्हन ओक्स वृद्धनिवासात रहिवासी भराभर आजारी पडू लागले. वर्दी गेली, नमुने गेले, आणि नेहमीच्या विषाणूंच्या तपासणीतून काहीच हाती लागेना. शहर सार्सच्या आठवणीने धास्तावले. अखेर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मृतांच्या फुप्फुसाच्या तुकड्यांत लीजनेला हा जिवाणू सापडला. वातानुकूलनाच्या शीतक मनोऱ्यातल्या पाण्यातून तो पसरला होता. २३ जण दगावले. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणजे दारे बंद करून तो थांबणार नव्हता. तरीही धोक्याची घंटा वाजली होती ती केवळ आजाऱ्यांच्या संख्येवरून.

तपासणीची हत्यारेही याच दशकात बदलली. लाकडी काडीच्या, कापसाच्या बोळ्यात नमुना अडकून बसे आणि लाकडातले अंश पीसीआर या जनुकीय चाचणीत अडथळा आणत. इटलीत ब्रेशिया येथील कोपान कंपनीने प्लॅस्टिकच्या काडीवर विद्युतभाराच्या जोरावर नायलॉनचे बारीक तंतू उभे चिकटवले. बाटली धुण्याच्या ब्रशासारखे उभे असल्याने ते पेशी खरवडतात आणि द्रवात लगेच सोडतात. एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारी पीसीआर चाचणीही आली. अमेरिकेत २००८ मध्ये परवानगी मिळालेली अशी पहिली चाचणी १२ लक्ष्ये तपासे, आणि ती टोरंटोतच घडली होती.

या सगळ्या मांडणीत एक गृहीत होते : ज्याला लक्षणे आहेत तोच पसरवतो. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या कर्कलँडमधल्या एका केंद्रात कोविड सापडला. त्याच परगण्यातल्या दुसऱ्या एका केंद्रात मार्चमध्ये ७६ रहिवाशांची सरसकट तपासणी झाली. ४८ जण पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांतल्या २७ जणांना नमुना घेताना काहीच त्रास नव्हता. पुढच्या दिवसांत २४ जणांना तो सुरू झाला. आजारी मोजून वर्दी देण्याची पद्धत इथे उशिरा पडत होती. इंग्लंडमध्ये सुरुवातीला केअर होममधल्या लक्षणे असलेल्या पहिल्या काही जणांचीच तपासणी होई. २८ एप्रिल २०२० ला ती लक्षणे नसलेल्या रहिवाशांना आणि सेवकांना खुली झाली आणि जुलैपासून सेवकांची दर आठवड्याला, रहिवाशांची दर २८ दिवसांनी अशी वारी लागली. इतका खर्च आणि इतके नाक खुपसणे कायम चालणारे नव्हते. लसीकरणानंतर सरसकट तपासणी बंद झाली. आता तिथे एकमेकांशी संबंध असलेले दोन आजारी दिसले की वर्दी द्यायची आणि जास्तीत जास्त पाच रहिवाशांचे नमुने पाठवायचे, अशी जुन्या वळणाची रीत आहे.

साथ संपल्याची वेळही मोजूनच ठरते. फ्लूसाठी ओंटारिओत शेवटच्या रहिवाशाला लक्षणे सुरू झाल्यापासून आठ दिवस धरतात : पाच दिवस तो इतरांना संसर्ग देऊ शकतो म्हणून, आणि तीन दिवस शेवटी संसर्ग झालेल्यात लक्षणे दिसायला लागतात म्हणून. तक्त्यात नवे नाव आले नाही तर आरोग्य खाते साथ संपल्याचे जाहीर करते, प्रवेश आणि भेटी पुन्हा सुरू होतात आणि त्या साथीचा क्रमांक बंद होतो.